मांडीवर घेतलेली लेकरं

कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती २०२३च्या सप्टेंबरात नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातही तेच झालं. निजामाच्या काळातले मोडी-उर्दू दस्त, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचं प्रवेश रजिस्टर, जे हाताला लागेल त्यात पणजोबाचं नाव शोधायचं, तिथून आपल्यापर्यंत रेघा ओढायच्या आणि ती वंशावळ शपथपत्राला जोडायची. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाल्यावर तहसीलच्या आवारातली ही लगबग आणखी वाढली. आरक्षणाचा प्रश्न इथे बाजूला ठेवू. मला या वंशावळींत रस आहे तो त्यांतल्या एका वेगळ्या नावासाठी. जुन्या शेतकरी घराण्याच्या चार-पाच पिढ्या कागदावर मांडल्या की एखाद्या नावापुढे 'दत्तक' असं लिहिलेलं निघतं. कार्यालयाला त्या नावाबद्दल एवढंच हवं असतं की रेघ कोणत्या बापाखाली काढायची. त्या माणसाला स्वतःला कोणतं घर आपलं वाटलं, यासाठी कोणत्याच कागदावर रकाना नसतो.

दत्तकाविषयी आपल्याकडे जे लिहिलं गेलं ते बहुतेक घेणाऱ्यांच्या बाजूने. मूल नसलेल्या जोडप्याची तगमग, संस्थानांचे वारस, जमिनीचे खटले. घेतलेल्या लेकराला कुटुंब कसं दिसतं, या बाजूने सगळा विषय एकदा पाहावा म्हणून हा आढावा. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. आमच्या भागातल्या दत्तकाच्या जुन्या रीतीत एक मोठा गुण होता आणि एक मोठा दोष. गुण हा की लेकराला आपली दोन्ही घरं ठाऊक असायची. दोष हा की त्याला घेतलं जायचं ते घराण्याच्या गरजेपोटी. लेकराची गरज कुणी विचारात घ्यायचं नाही. आजच्या कायद्याने तो दोष दूर केला, पण त्याबरोबर गुणही जवळजवळ हातचा घालवला. दत्तक गेलेल्या माणसाच्या मनातली बरीचशी ओढाताण या दोन टोकांच्या मधली आहे.

बिलोलीकडे दत्तक म्हटलं की अजूनही आधी भावकी आठवते. थोरल्याला मूल नाही, धाकट्याला तीन मुलगे. मग मधला थोरल्याच्या मांडीवर द्यायचा. विधीचा गाभा तेवढाच. देणाऱ्यांनी द्यायचं, घेणाऱ्यांनी मांडीवर घ्यायचं, चार पंच आणि पाहुण्यांसमोर. दत्तहोम झाला तर झाला, कायद्याने तो सक्तीचा नाही. नाव बहुधा बदलतं, पेढे वाटले जातात, आणि दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं जातं. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचं नोंदलेलं पत्र असलं की दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून त्या पत्राला घरात जपलेल्या सोन्याइतकी किंमत.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कुणी लपवलेलं नाही. तिरडीपुढे चालायला कुणीतरी हवं, श्राद्धाला हवं, आणि जमीन भावकीच्या तोंडी जाऊ नये. महाराष्ट्रातल्या हिंदू कायद्याच्या परंपरेत विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येत असे. देशाच्या इतर अनेक भागांत ती परवानगी लागे. लग्न झालेला, पोरंबाळं असलेला पुरुषही इथे दत्तक जाऊ शके. १९५६च्या कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा घातली तरी रूढीला अपवाद ठेवला, त्यामुळे ती वाट बुजली नाही. शिवाय जुन्या न्यायाप्रमाणे विधवेने घेतलेला मुलगा तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनच मुलगा मानला जाई. मधल्या वर्षांत दिरा-पुतण्यांनी वाटून घेतलेलं शिवार परत द्यायची वेळ त्यांच्यावर येई. आत चुलीजवळ त्या मुलाच्या कानशिलावर बोटं मोडली जात असताना बाहेर भावकी वकिलाकडे जायला निघालेली असे. आपण कुणाचे लाडके आणि कुणाच्या डोळ्यांतले काटे, दोन्ही एकाच दिवशी होणं, हा अनुभव दत्तक गेलेल्या कित्येकांच्या वाट्याला आला. आपलं मुलगेपण कोर्टात सिद्ध करावं लागणं यासारखी गोष्ट पोटच्या मुलाच्या स्वप्नातही येत नाही.

पण या रीतीत लेकरापासून काही झाकलेलं नसे. जन्म देणारी समोरच्याच ओसरीवर दिसायची. कालपर्यंत तिला माय म्हणायचं, आजपासून काकू. पाठच्या भावाला चुलत म्हणायचं. मात्र मावळण मावळणच राहायची, कारण ती दोन्ही बापांची बहीण. आजा-आजी तेच, कुलदैवत तेच, देवक तेच. बदललं ते झोपायचं घर आणि सातबाऱ्यावरचं बापाचं नाव. त्यामुळे 'मी कुणाचा' हा प्रश्न तिथे कोड्यासारखा पडत नसे. पडायचा तो दुसराच, आणि तो अधिक बोचरा आहे: तिघांतला मीच का दिला गेलो? थोरला हातभाराला हवा म्हणून ठेवला, धाकटा दूध पिता म्हणून ठेवला, मधला देण्याजोगा ठरला. बांधावर भांडण झालं की भाऊच ऐकवतो, 'तू तिकडचा.' आणि घेतलेल्या घरात जरा हट्ट केला की कुणी म्हातारी म्हणते, 'आणलेलं लेकरू आहे, जपून घ्या.' ती मायेनेच म्हणते, तरी ते बोलणं आयुष्यभर कानात राहतं.

इथल्या सीमेने यात आणखी एक गाठ मारली. १ नोव्हेंबर १९५६ला नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. पण बिचकुंदा, जुक्कल, मुधोळ हा शेजारचा मुलूख आंध्रात गेला, आज तो तेलंगणात आहे. बिलोलीची सोयरीक मांजरेच्या दोन्ही तीरांवर पसरलेली. तेव्हा दिलेलं लेकरू मराठी शाळेत आणि पाठची भावंडं तेलुगू शाळेत, असंही होऊ शकलं. लग्नकार्यात भेटल्यावर भाऊ-भाऊ एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात यावरूनही कोण कुठे वाढला ते कळतं.

मुलींचं काय? १९५६पूर्वी हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेण्याला स्थान नव्हतं. पण मुली दिल्या-घेतल्या जात नव्हत्या असं मुळीच नाही. आई बाळंतपणात गेली की पोर मामाकडे, मोठ्या बहिणीकडे, निपुत्रिक मावशीकडे जायची. तिथे ती वाढायची, राबायची, लग्न होऊन जायची, आणि यांतल्या कशाचाही कागद व्हायचा नाही. मुलगा गेला की दत्तकविधान, मुलगी गेली की 'सांभाळली'. तिला माहेर कोणतं, हे तिच्या लग्नानंतर पहिल्या सणाला कोण न्यायला येतं त्यावर ठरायचं. मराठवाड्याने अशा एका मुलीला संत म्हणून ओळखलं आहे. जनाबाई गंगाखेडची. आईवेगळी पोर बापाने पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी ठेवली, आणि तिथेच ती वाढली, अशी परंपरा सांगते. त्या घरात ती दासी होती, लेक नव्हती. दळणकांडण तिच्याकडे, घराण्याचं नाव तिच्याकडे नाही. तरी तिने स्वतःची ओळख सांगताना त्याच घराचा आधार घेतला, 'नामयाची जनी' म्हणून. बापाने सोडलेल्या आणि दुसऱ्या घराने अर्ध्यावर स्वीकारलेल्या माणसाने आपलं कुटुंब स्वतः बांधल्याचं याहून मोठं उदाहरण मराठीत मला आठवत नाही. विठ्ठलाला तिने मायबाप केलं ते केवळ भक्तीच्या भाषेत, असं म्हणून पुढे जाता येत नाही. ज्यांना घरात पूर्ण जागा मिळाली नाही त्यांना ती भाषा आतून कळते.

राजघराण्यांच्या दत्तकांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे फार थांबत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५मध्ये बडोद्याचा सयाजीराव झाला, कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरचा शाहू झाला. दोघांनाही आपलं जन्मघर माहीत होतं आणि ते तुटलंही नाही. सयाजीरावांचे भाऊ पुढे बडोद्यात आले, शाहू महाराजांचे धाकटे बंधू कागलला होते आणि जिव्हाळा कायम होता. उलट बाजू डलहौसीने दाखवली. १८४८मध्ये सातारा, पुढे झाशी आणि नागपूर; दत्तक वारस न मानता संस्थानं खालसा झाली. इतिहासात हा राज्यांचा प्रश्न म्हणून नोंदला आहे. पण झाशीच्या दामोदररावाचं आयुष्य पाहा. पाच वर्षांच्या मुलाला सरकारने सांगितलं की तू गादीपुरता या बापाचा मुलगा नाहीस. आई रणात गेली, आणि उरलेलं आयुष्य त्याने इंदुरात किरकोळ तनख्यावर काढलं. सत्ता दत्तकाला नाकारते तेव्हा ती एका लेकराचं बापाशी असलेलं नातंही खोटं ठरवते.

या सगळ्यापेक्षा मला फुल्यांच्या घराची गोष्ट मोलाची वाटते, कारण तिथे घराण्याची गरज हे कारणच नव्हतं. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८७४मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी आपला म्हणून घेतला. तोच यशवंत. जातीबाहेरचा, कुळाबाहेरचा, आणि त्या काळाच्या नजरेत जन्मानेच कलंकित. त्याच्या जन्माची कहाणी पुण्यात कुणापासून लपलेली नव्हती. जोतीरावांनी १८८७मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलं. त्यातच, तो नालायक निघाला तर सावित्रीबाईंनी दुसरा लायक मुलगा निवडावा, असंही लिहून ठेवलं. हे वाक्य मला बराच काळ खटकत राहिलं. पोटच्या मुलासाठी असं कलम कुणी घालत नाही. दत्तकाला लायकी दाखवत राहावं लागतं, ते एवढ्या थोर माणसाच्या घरातही सुटलं नाही का? पण त्याच जोतीरावांना रक्तावरून येणारा कोणताच हक्क मान्य नव्हता. स्वतःचा मुलगा असता तर त्याच्यासाठीही त्यांनी हेच लिहिलं असतं, असं मला आता वाटतं.

२८ नोव्हेंबर १८९०ला जोतीराव गेले. टिटवं कोण धरणार यावर भाऊबंद अडून बसले. दत्तक मुलाने धरायचं नाही, तो मान आमचा. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं धरलं, स्वतः अग्नी दिला. बाईने अग्नी दिला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि ते रास्त आहे. यशवंताच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यात दुसरंही काही दिसतं. सोळा वर्षांच्या मुलाला बापाच्या प्रेतासमोर ऐकावं लागलं की तू कुणी नाहीस. आणि आईने भांडणात न पडता ते मडकंच उचललं. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. या दोघांत रक्ताचं काही नव्हतं, आणि एकमेकांसाठी करायचं काही शिल्लकही राहिलं नव्हतं.

२१ डिसेंबर १९५६ला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू झाला. नांदेड जिल्हा नव्या राज्यात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईला स्वतःच्या नावाने मूल घेता येऊ लागलं. विवाहितेला नवऱ्याच्या बरोबरीचा हक्क मात्र २०१०च्या दुरुस्तीने मिळाला. दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी नव्या आईबापांचं, जुन्या घराशी नातं संपलं. एकदा झालेलं दत्तक घेणाऱ्याला रद्द करता येत नाही, आणि मुलालाही ते झिडकारून मागे जाता येत नाही. तरी कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे, आणि तेच मला सगळ्यांत बोलकं वाटतं. जन्मघरात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. म्हणजे नातं संपलं असं म्हणणारा कायदाच ते नातं लक्षात ठेवायला सांगतो. भावकीतल्या दत्तकाला हे पाळणं सोपं. पाळण्यात सापडलेल्या मुलीने ते कसं पाळायचं, याचं उत्तर त्या कलमात नाही.

बिलोलीचा आढावा मुसलमान घरांना वगळून होऊ शकत नाही. सरफराज खानाच्या जुन्या दगडी मशिदीचं हे गाव, आणि शतकानुशतकं इथे दोन्ही समाज एका पेठेत नांदले. मुस्लिम कायदा मुलाला सांभाळणं पुण्याचं मानतो, पण त्याच्या बापाचं नाव बदलू देत नाही आणि त्याला आपोआप वारसही करत नाही. जे द्यायचं ते हयातीत हिबा करून किंवा मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करून. घेणाऱ्याच्या बाजूने हे अपुरं वाटतं. लेकराच्या बाजूने पाहिलं तर आपण कुणाचे हे त्याच्यापासून कधी हिरावलं जात नाही. त्यात दुधाचं नातं आहे. जिने तान्ह्याला पाजलं ती आई ठरते, तिची मुलं भावंडं ठरतात, त्यांच्यात लग्न होत नाही. ज्यांना पूर्ण दत्तक हवं त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या शबनम हाश्मी निकालात स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. हा कायदा त्या रूपात येण्याआधी मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना १८९०च्या कायद्याखाली केवळ पालक म्हणून नेमून घेता येत होतं. मूल सज्ञान झालं की कागदावरचं पालकपण संपायचं. सज्ञान होण्याच्या दिवशी कायद्याच्या लेखी आपले आईबाप आईबाप राहत नाहीत, हे सोसलेली एक पिढी या देशात आहे.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती बुडवून लोक झोपले होते. चार वाजायच्या आत भूकंपाने किल्लारी आणि आसपासची गावं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. बिलोलीपर्यंत जमीन हादरली होती. जी लेकरं वाचली त्यांचा प्रश्न दत्तकाच्या कोणत्याच चौकटीत बसणारा नव्हता. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, जमीन होती, मदतीचे पैसे मिळणार होते. फक्त माणसं नव्हती. ज्यांचे चुलते-मामा उरले त्यांना नातेवाइकांनी नेलं, बहुतेक ठिकाणी जीव लावून; पण अनाथाच्या नावावर पैसे असले की माया आणि हिशेब वेगळे काढणं कठीण होतं, हे लातूर-उस्मानाबादकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं पुण्याला नेऊन वाघोलीत शिकवली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणांनी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांसह 'आपलं घर' उभं केलं. या दोन्हींनी मुलांना कुणाच्या मांडीवर दिलं नाही, त्यांची नावं बदलली नाहीत. शेकडो भावंडांचं घर दिलं. वसतिगृहातून बाहेर पडल्यावर एकमेकांच्या लग्नात मुलीकडचे म्हणून उभे राहणारे, बाळंतपणाला बोलावणारे सोबती, हेही एक कुटुंबच आहे, आणि आपल्या कायद्यात त्याला नाव नाही.

२०२१मध्ये कोविडने पुन्हा तोच प्रसंग आणला. आईबाप दोन्ही गेलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. त्याच महिन्यांत मोबाइलवर संदेश फिरत होते: दोन दिवसांची मुलगी आहे, कुणाला हवी असल्यास या नंबरवर फोन करा. पाठवणाऱ्यांत बरेच जण कळकळीचे असतील. पण अशा वाटेने गेलेल्या मुलीला पुढे आपण कुठून आलो याचा एक कागदही सापडणार नाही. मूल देणं-घेणं बाल कल्याण समितीमार्फतच व्हावं हा नियम म्हणूनच आहे.

संस्थेतून दत्तक ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. पंढरपुरात प्रार्थना समाजाचं बालकाश्रम १८७५पासून आहे. नागपुरात कमलाताई होस्पेटांनी १९२१मध्ये मातृसेवा संघ काढला. आज देशभरातल्या दत्तकाचं काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरून चालतं. सोडून दिलेल्या मुलाच्या जन्मदात्यांना फेरविचाराला साठ दिवस मिळतात. मग मूल दत्तकासाठी मोकळं घोषित होतं, आणि २०२२पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. २०२४-२५मध्ये देशात साडेचार हजारांच्या आसपास दत्तकं झाली, महाराष्ट्र त्यात पुढे. तीस हजारांहून अधिक पालक वाट पाहत आहेत. मुलग्यांपेक्षा मुली अधिक घेतल्या जातात. वंशाला दिवा हवा म्हणून दत्तक घेणाऱ्या समाजात हे घडलं, याचा मला मनापासून आनंद आहे. मुलाच्या हिताची चौकशी आधी, घराण्याची नंतर, हा क्रम आता नियमांत आला आहे.

पण या वाटेने आलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर नव्या आईबापांची नावं येतात आणि मागचं सगळं बंद पाकिटात जातं. समोरच्या ओसरीवर कुणी दिसत नाही. मग घरात ठरवावं लागतं, सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर केव्हा. कळत्या वयाच्या आधीच, गोष्टीसारखं सांगा, असा सल्ला दत्तक संस्था देतात, आणि तो योग्य आहे. आमच्याकडच्या गावांत तो अवघड जातो. इथे पाहुणा ओट्यावर टेकला की दुसराच प्रश्न कुळाचा असतो. घरच्यांनी नाही सांगितलं तर शेजारीण सांगते, आणि शेजारणीकडून चौदाव्या वर्षी कळणं म्हणजे दोनदा सोडलं जाणं. एकदा जन्मदात्रीने, आणि दुसऱ्यांदा ज्यांच्यावर विश्वास होता त्यांनी. मुलाला दुखतं ते दत्तक असण्यापेक्षा, सगळ्या गावाला जे ठाऊक होतं ते फक्त आपल्याला ठाऊक नव्हतं, याने.

सोयरीक जुळवताना हे पुन्हा वर येतं. मामा कोण, देवक कोणतं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, घरात कुणाला शुगर आहे का, आणि त्या प्रश्नाला दोन उत्तरं असतात, त्यांतलं एक माहीत नसतं. पहिलं बाळ हातात आलं की आयुष्यात प्रथमच आपल्यासारखा चेहरा दिसतो. हे आपल्या आईला सांगावं की नाही, या विचाराने दत्तक लेक गप्प बसते, तिला वाईट वाटेल म्हणून. कृतज्ञतेचं हे ओझं घेणाऱ्यांना दिसत नाही. 'आम्ही तुला घरात आणलं' हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी त्यात उपकार ऐकू येतो. पोटच्या मुलाला आईबापांवर रागावण्याची जी मोकळीक असते, ती दत्तक मुलाला मिळाली की तो खरा घरचा झाला असं समजावं.

परदेशी गेलेल्या मुलांनी हा विषय सगळ्यांत उघडपणे बोलून दाखवला. ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळलेली लिसा स्थळेकर १९७९मध्ये पुण्यात जन्मली, ससूनशी जोडलेल्या श्रीवत्समधून हरेन आणि सू स्थळेकरांच्या घरी गेली. तिच्या पाठीवर ते मराठी आडनाव जगभरच्या मैदानांवर वाचलं गेलं. ते तिला वडिलांकडून मिळालं, आणि त्याला आणखी कोणत्या पुराव्याची गरज नाही. नेदरलँड्समधल्या हेमस्टेडचा महापौर फाल्गुन बिनेनडाइक १९८५मध्ये नागपुरात जन्मला, मातृसेवा संघात ठेवला गेला, आणि महिन्यावरून एका परिचारिकेने दिलेलं नाव अजून लावतो. जन्मदात्रीला शोधत तो नागपूरला आला. ज्या घराने वाढवलं त्याच्यावर त्याचं प्रेम आहे, आणि तरीही तो शोधतो. या दोन गोष्टींत आपल्याला विरोध दिसतो. त्याला दिसत नाही.

या शोधांना काळी बाजूही आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ ते २००२ या काळात भारतातून दोन हजारांहून अधिक मुलं गेली. झुरिक आणि थुर्गाऊ या दोन प्रांतांनी करवून घेतलेला अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तपासलेल्या फायलींत जन्मदात्रीची लेखी संमती सापडली नाही. संमतीच नसेल तर ते दत्तक होतं की आईकडून लेकरू काढून नेणं, हा प्रश्न आज चाळिशी-पन्नाशीच्या त्या माणसांपुढे आहे. १९८४च्या लक्ष्मीकांत पांडे निकालाने परदेशी दत्तकाला शिस्त आणली, पण आधीच्या मुलांना तिचा उपयोग काय?

आणि शेवटी ज्यांना कुणीच घेत नाही ती लेकरं. अपंग, मोठ्या वयाची, आजारी. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशा शंभरावर मुलांना आपलं नाव दिलं. आधार कार्डावर, रेशन कार्डावर बाप म्हणून तेच. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली अंध मुलगी माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन महसूल खात्यात रुजू झाली. अठरा वर्षं झाली की संस्थेतून बाहेर, या नियमाविरुद्ध शंकरबाबा कित्येक वर्षं भांडत आहेत. अठराव्या वर्षी कोणतं घर आपल्या पोरीला बाहेर काढतं, हा त्यांचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. राज्याने २०१८मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं, ते हवंच होतं. पण दिवाळीला जायचं कुठे, याचं उत्तर नोकरीत मिळत नाही.

सध्याच्या नियमांत मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेला दत्तक स्वतः अर्ज करू शकतो, त्याहून लहान असल्यास आईबापांसह. तिसऱ्या कुणाला ती माहिती मागता येत नाही. जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते, आणि ते योग्य आहे. ज्या मुलीने बिलोलीहून नांदेडला किंवा निजामाबादला जाऊन कुणाला न कळता बाळ ठेवलं, तिचा आजचा संसार उद्ध्वस्त करण्याचा हक्क कुणाला नाही. पण सोडपत्रावर सही घेताना तिला आणखी चार गोष्टी विचारता येतील. घरातले आजार कोणते. बाळासाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या आहेत का. पुढे वीस वर्षांनी त्याने विचारलं तर निरोप चालेल का. आणि आज नको म्हणालीस, तर मन बदलल्यावर कुठे कळवायचं. हे प्रश्न छापील नमुन्यात असावेत, तिच्या भाषेत असावेत, आमच्या सीमेवर मराठीसोबत तेलुगू आणि उर्दूतही. आणि ते पाकीट संस्था बंद पडली तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे टिकावं. ज्या संस्थांची नोंदणी गेली त्यांच्या जुन्या नोंदवह्या आज कुठे आहेत, याची यादी प्रत्येक जिल्ह्याने करायला हवी. त्या वह्यांतली मुलं आता विचारायच्या वयात आली आहेत.